अयोध्या, तो कागद माझ्या पेटीत होता

"हिचे डोळे असे आहेत, तर आधी कुणी काही सांगितलं नव्हतं तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "अशा मुलांच्या पोटाची दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते. गाठ लिंबाएवढी असताना सापडली असती."

तू म्हणालीस, "न्हाई मॅडम. कुणीच सांगितलं न्हाई."

मी तुझ्या मागं उभी होते. कोमल माझ्या कडेवर होती. पावणेतीन वर्षांची पोर, डोळ्यांवर काळा चष्मा. तिच्या डाव्या कुशीतली गाठ मला लागत होती, लुगड्यातून, कच्च्या कवठासारखी. सांगितलं होतं, अयोध्या. मला सांगितलं होतं. कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद त्या घडीला गावाकडं माझ्या पत्र्याच्या पेटीत, चौथीच्या दाखल्याखाली पडला होता.

मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "हिनं गिराणात कडबा तोडला, मॅडम. पोटुशी असताना. तवाचं हाय हे."

तू खाली बघितलंस. 

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेराव्याला लोक तुझ्याविषयी चांगलं बोलले. दूध संस्थेचा चेअरमन म्हणाला, अयोध्याबाईंनी लावलेल्या फॅटवर कधी कुणाची तक्रार आली नाही. खोटं बोलला. रोज सकाळी तक्रार असायची. "पाणी न्हाई घातलं गं, म्हैसच पातळ देती," असं अर्धं गाव तुझ्याशी भांडायचं आणि तू यंत्रावरचा आकडा दाखवून म्हणायचीस, "मग म्हशीला समजावा." हे कुणी सांगितलं नाही. मेलेल्या माणसाविषयी माणसं गुळमुळीत बोलतात. मला ते जमत नाही. मी चौथी शिकले, कोमलच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यांच्यावर लिहिते. जे तोंडानं तेरा वर्षं बोलता आलं नाही ते लिहून तरी होतं का बघते.

तू माझ्या भावाची लेक. माझ्या दत्तासाठी तुला मीच मागून आणली. भाऊ म्हणाला होता, पोरगी हुशार आहे, बारावी झाली, पुढं शिकू दे. मी म्हणाले, शिकून काय कलेक्टर होणार? माझ्या घरात काय तिला काटे टोचणार? लग्नाआधी तू मला "ए आत्या" म्हणायचीस, माझ्या ताटातली भाकरी तोडून घ्यायचीस. अक्षता पडल्या आणि "अवो आत्या" झालं. मला ते बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. सून म्हणून तुला दबात ठेवायची होती. भाची म्हणून जे माझ्याकडं होतं ते मी त्या दिवशी घालवलं.

आता गिराणाचं सांगते. संक्रांतीला लागून सूर्यग्रहण होतं ते, भर दिवसा. तुला सहावा की सातवा चालू होता. मी तुला आत बसवलं, हातात काही घ्यायचं नाही, चिरायचं नाही, तोडायचं नाही म्हणून बजावलं. दार लावून घेतलं. आणि म्हैस हंबरायला लागली. तिची वेळ झाली होती. चारा नाही टाकला तर ती पान्हा चोरायची आणि संध्याकाळचं दूध संस्थेला कमी जायचं. मी जपमाळ घेऊन बसले होते. अर्धा तास ऐकलं, मग मीच म्हणाले, "जा गं, दोन पेंढ्या तोडून टाक तिला." तू म्हणालीस, "अवो आत्या, गिराण हाय ना?" मी म्हणाले, "देवाला म्हशीचं पण कळतं."

हे आपल्या दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

कोमल जन्मली तेव्हा सगळं नीट होतं. हात, पाय, रडणं. डोळे उघडले तर आत रंगच नाही. माणसाच्या डोळ्यात मधे काळा ठिपका असतो आणि भोवती तपकिरी कडं असतं. हिला कडंच नव्हतं. नुसती काळी भोकं. उजेडात नेलं की पोर डोळे मिटून किंचाळायची. बायका बाळंतिणीला बघायला आल्या आणि कुजबुजायला लागल्या. एकजण म्हणाली, "गिराण लागलं वाटतं." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "किती सांगितलं हिला. ऐकती का? शिकलेली ना." तू पलंगावर होतीस, जागी. ऐकलंस.  अशी गोष्ट एकदा तोंडातून गेली की ती गावाची होते. मग मला ती मागं घेता आली नाही. दर खेपेला थोडी जास्त पक्की करून सांगत गेले.

कोमल दोन वर्षांची झाली तेव्हा दूध संस्थेनं गावात डोळ्यांचं शिबिर ठेवलं. तू संकलनावर होतीस, कॅन रांगेत लागले होते, तुला उठता येईना. म्हणून पोरीला घेऊन मी गेलते. डॉक्टर कोवळा होता, मिशीसुद्धा नीट आली नव्हती. त्यानं बॅटरी मारून डोळे बघितले, बराच वेळ बघितले. मग म्हणाला, "आजी, डोळ्यांना काळा चष्मा लावा. पण मुख्य म्हणजे हिच्या पोटाची सोनोग्राफी करा. दर तीन महिन्यांनी. चुकवू नका."

मी म्हणाले, "दुखणं डोळ्याचं आणि तपासायचं पोट?"

तो म्हणाला, "डोळा घडवणारी सूचना आणि किडनी घडवणारी सूचना माणसात शेजारी शेजारी असते. एक गळाली तर कधी दुसरीही गळालेली असते. मग किडनीत गाठ होऊ शकते." आणि कागदावर मराठीतच लिहून दिलं, मोठ्या अक्षरात, माझं वय बघून. 'पोटाची सोनोग्राफी, दर ३ महिन्यांनी, ८ वर्षांची होईपर्यंत. मूत्रपिंड बघणे.' मला वाचता येत होतं. मी वाचलं.

ते साल कसलं होतं ते तुला सांगायला नको. सोनोग्राफी म्हणजे आपल्याकडं एकच गोष्ट. पोटात मुलगी आहे का बघायचं आणि काढायचं. त्या साली जिल्ह्यात त्या यंत्रांच्या खोल्यांना कुलपं लागत होती. शेजारच्या वस्तीवर पोलिसांची जीप आली होती आणि त्या घरची सासू चार दिवस दाराबाहेर निघाली नव्हती. दवाखान्यांचे दलाल गावोगाव फिरायचे, गोड बोलायचे, हातात चिठ्ठी द्यायचे. मला वाटलं, हा त्यातलाच. दुसऱ्या खेपेला तुझ्या पोटात राहिलं की हाच कागद घेऊन या म्हणेल. आणि समजा खरंच पोरीचं पोट बघायचं असलं, तरी तुला तिथल्या रांगेत कुणी बघितलं तर काय म्हणेल? पहिली पोरगी, तीही डोळ्यांनी अधू. आता बघून घ्यायला चालले. घराची अब्रू मला पोरीच्या पोटापेक्षा जवळची वाटली. असंच होतं ते. दुसरं नाव नाही त्याला.

मी घरी आले आणि तुला म्हणाले, "काळा चष्मा सांगितलाय." कागद घडी करून पेटीत टाकला. का फाडला नाही, ते मलाही कळत नाही. लिहिलेला कागद फाडू नये, असं शाळेत मास्तर सांगायचे.

नंतर दुष्काळ लागला. आधीच्या साली पाऊस नव्हता, त्या साली तर आभाळच फिरकलं नाही. ऊस नव्हता म्हणून सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटला नाही. दत्ता तिथं हंगामी होता, तो पुण्याला टेम्पो चालवायला गेला. संस्थेनं घाटनांदूरच्या रस्त्याला माळावर जनावरांची चारा छावणी उघडली आणि आपण दोघी पोरीला घेऊन म्हैस, गाय नि दोन बैल तिथं नेऊन बांधले. बांबूवर हिरवी जाळी, खाली शेण, चहूकडं माशा. खायला बाहेरून आणलेल्या उसाचे तुकडे, जनावरांना. प्यायला टँकर, माणसांना आणि जनावरांना एकच. सकाळी हजेरी व्हायची. कानातला बिल्ला बघायचे आणि बिल्ल्याजवळ मालक बघायचे. माणूस नसला की त्या दावणीचा चारा बंद. दावणीला जनावर बांधलेलं होतं आणि जनावराला आपण बांधलेल्या होतो. मी तिथं पाच महिने एका जाळीखाली झोपले. पलीकडच्या डोंगराकडं बघायचे तर तोही बसल्या जागी वाळलेला.

कोमल मात्र काळा चष्मा लावून सगळीकडं फिरायची. शेजारच्या दावणीचा नामदेवतात्या तिला बघून उठून उभा राहायचा, कपाळाला हात लावायचा.

"या साहेबीण! आज छावणी तपासाया आलाव व्हय? आमच्या बैलाचं नाव कापू नगा बरं."

"कापनार," कोमल म्हणायची.

"अगं ये, कावून कापतीस? त्यानं काय केलंय?"

"त्यानं शेन टाकलं."

सगळी रांग हसायची. तुझं हसणं मला सगळ्यांत आधी ऐकू यायचं. छावणीत तू हसायचीस ते तेवढंच.

एक दिवस दुपारी तू तिला अर्ध्या बादलीत अंघोळ घालत होतीस. पाणी कमी, म्हणून ओंजळीनं पोट चोळत होतीस. हात थांबला. तू दुसऱ्यांदा तिथंच चोळलंस. मग माझ्याकडं बघून म्हणालीस, "आत्या, इकडं ये. तू बघ." लग्नानंतर पहिल्यांदा तू मला 'तू' म्हणालीस. तुझ्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं.

पलीकडच्या रांगेतली एक बाई एरंडेल घेऊन आली. वायगोळा आहे, चोळून जागेवर बसवते म्हणाली. मी तिला जागा करून दिली. तू पोरीला उचललंस आणि मागं सरलीस. "कुणी हात लावू नगा." बाई चिडली. मी पण चिडले. पुढं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चोळलं असतं तर गाठ पोटात फुटली असती. ते तुझं तुला आतून कळलं. मला शिकवलेलंसुद्धा कळलं नव्हतं.

नामदेवतात्यानं दोन दिवस आपली हजेरी सांभाळायचं कबूल केलं आणि आपण औरंगाबादला गेलो. आणि तिथं ते झालं, जे वर लिहिलं. "कुणीच सांगितलं न्हाई."

त्या खोलीत अजून एक झालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लग्न नात्यात आहे का?" तू म्हणालीस, "हो. आत्याच्या घरातच दिलीय." त्यांनी लिहून घेतलं.  म्हणजे इथंही मीच. त्यांनी तुझं, दत्ताचं, कोमलचं रक्त तपासायला पुण्याला पाठवलं. मी छावणीत परत आले, तू पोरीजवळ राहिलीस. महिनाभर मी बैलांच्या तोंडापुढं उसाचे तुकडे टाकत होते आणि मनात एकच, रक्तात माझं नाव निघणार.

निघालं नाही. तू फोन केलास नामदेवतात्याच्या मोबाइलवर. तुमच्या दोघांची रक्तं पूर्ण होती, काही गळालेलं नव्हतं. नात्याचा काही संबंध नव्हता. गिराणाचा तर नव्हताच. मला लाज वाटते सांगायला, पण मला आधी हायसं वाटलं. मी सुटले. मग शेणात बसल्या बसल्या पेटी आठवली.

ऑपरेशनच्या आधी मी पुन्हा आले तेव्हा तू मला सगळं समजावून सांगितलंस. तुला डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात बसून तू म्हणालीस, "आत्या, तुमी पेरताना चाड्यावर मूठ धरता न्हवं? नळीत ढेकूळ अडकलं तर वर कळतं का?"

"न्हाई कळत. मूठ चालूच राहती."

"मग उगवल्यावर दिसतं, इथं वीतभर तास रिकामा. तसंच झालंय. अंगातल्या सूचना दोन-दोन असतात, एक आईची, एक बापाची. पोर पोटात राहताना त्यातल्या एकीचा तुकडा गळाला. त्या वीतभर जागेत डोळ्याचं बी हुतं आन् शेजारी किडनीचं."

"मग दुसरी सूचना हाय की. ती काय करत हुती?"

"ती एकटीच रेटत हुती. मग किडनीतल्या एका बारक्या कणात तीबी बिघडली. तो कण लहानाचा मोठा व्हायचं इसरला. शहाणा झालाच न्हाई, नुसता वाढत गेला. ती गाठ."

मी विचारलं, "मग दोष कुणाचा?"

"कुणाचाच न्हाई, आत्या."

"कुणाचाच कसा? नळी बुजली तर बघणाऱ्याचा दोष. काही झालं की कुणाचा तरी असतोच."

तू माझ्याकडं असं बघितलंस की मला उठून जावंसं वाटलं. "तुमाला कुणीतरी लागतो," तू म्हणालीस. "मग सांगा, कडबा तोडाया मला कुणी सांगितलं हुतं?"

मी म्हणाले, "पोरीला चहा दिला का?" आणि उठले. तो वाद तिथं राहिला. आपण तो पुन्हा काढला नाही. आज काढला असता तर मी म्हणाले असते, तुकडा गळाला त्यात दोष कुणाचाच नाही, तुझं बरोबर. पण लिंबाएवढी गाठ कवठाएवढी होईपर्यंत नऊ महिने गेले. तीन वेळा बघायचं होतं. त्या नऊ महिन्यांना धनी आहे.

कोमलला आधी महिनाभर औषध दिलं, सलाईनमधून. केस गेले, भुवया गेल्या. मग डावी किडनी काढली. मग पुन्हा औषध, सहा महिने. तू तिथं फरशीवर झोपलीस आणि मी इकडं दावणीला. पावसाळा आला, छावणी उठली, म्हैस घरी आली, तू आली नव्हतीस. आलीस तेव्हा पोर चालत होती आणि तू काठी झाली होतीस.

त्यानंतर सोनोग्राफीच सोनोग्राफी. उरलेल्या किडनीवर डोळा ठेवायचा होता. दर तीन महिन्यांनी एसटीनं जायचं, त्या खोलीबाहेर रांगेत बसायचं. मी ज्याला भ्याले होते तेच. पहिल्या खेपेला गावातली एक बाई भेटली, तुझ्या पोटाकडं बघून डोळे मिचकावून म्हणाली, "काय गं, बघाया आलीस व्हय?" तू म्हणालीस, "हो. एकच उरलीय, ती हाय का बघाया आलेय." बाईचं तोंड पडलं. मी बाजूला होते. किती सोपं होतं उत्तर द्यायला. अर्ध्या मिनिटाचं काम. त्या अर्ध्या मिनिटाला भिऊन मी कागद पेटीत घातला होता.

सांगायचं ठरवलं होतं बरं मी. कितीदा. पण कोमल आठ वर्षांची झाली त्या साली पुन्हा डोळ्यांचं शिबिर आलं, लिंबागणेशला. पोरीचा नंबर बघायचा म्हणून आपण तिघी गेलो. आणि तोच डॉक्टर. आता मिशी होती, पोट सुटलं होतं. मी ओळखला. गावातलं पहिलं शिबिर त्यानंच केलं होतं, हे तिथल्या माणसाकडून तुला कळलं, आणि तू रांग सोडून सरळ त्याच्या टेबलापुढं गेलीस.

"सर, ह्या पोरीचे डोळे तुमी बघितले हुते. दोन वर्षांची हुती. किडनीचं सांगितलं असतं तर तिची किडनी वाचली असती. कावून न्हाई सांगितलं?"

 त्यानं कोमलकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी पदर पुढं ओढला. त्यानं मला ओळखलं का नाही, देवाला ठाऊक. रोज शंभर म्हाताऱ्या बघतो तो.

"अशा मुलांना मी लिहून देतो नेहमी," तो हळू म्हणाला. "पण त्या दिवशी गर्दी असेल... राहिलं असेल माझ्याकडून. ताई, चुकलं असेल माझं. माफ करा."

त्यानं हात जोडले, अयोध्या. भरल्या शिबिरात. आणि मी तिथं दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

परत येताना एसटीत तू खिडकीला डोकं टेकवलंस आणि म्हणालीस, "आज बरं वाटलं, आत्या. कुणीतरी 'चुकलं' म्हणालं."

आता सांग, मी कसं सांगणार होते? तुला मिळालेलं ते एवढंसं कसं काढून घेणार होते? असं मी मनाला सांगितलं. तेही खरं नाही. मी भ्याले. ज्या दिवशी सांगेन त्या दिवशी तू पोरीला घेऊन माहेरी जाशील आणि मी त्या घरात म्हशीबरोबर उरेन, ही भीती होती. तुझ्या चांगलेपणाच्या आड मी सात वर्षं लपले. तू भाकरी वाढायचीस, मी खायचे. तू संधिवाताचं तेल माझ्या गुडघ्याला लावायचीस, मी पाय पुढं करायचे. प्रत्येक वेळी वाटायचं, आज. मग तू म्हणायचीस, "दुखतंय का हितं?" आणि मी म्हणायचे, "न्हाई."

आणि मग तुला सहा दिवस ताप आला. डेंग्यू. रक्तातल्या कसल्या तरी पेशी उतरत गेल्या. कोमलच्या दुखण्यात तेरा वर्षं मी देवाला म्हणत होते, माझं आयुष्य पोरीला दे. तुझं नाव मी त्यात घेतलंच नव्हतं. तुला काही होईल हे ध्यानातच नव्हतं माझ्या. शेवटच्या दिवशी तू दवाखान्यात म्हणालीस, "आत्या, कोमलची तारीख..." मी म्हणाले, "ठाऊक हाय मला, तू गप पड." तुझं शेवटचं बोलणं मी असं मधेच तोडलं.

परवा पेटी उघडली. दाखल्याखाली कागद तसाच होता. घडीवर पिवळा पडलाय, अक्षर स्वच्छ आहे. कोमलला बोलावलं. तिला कागद दिला. पंधरा पूर्ण झालीत, तरी वाचायला नाकाला लावूनच धरावं लागतं. तिनं वाचलं, उलटा केला, पुन्हा वाचलं. वरती तिचं नाव आणि वय लिहिलं आहे.

"हे कवाचं हाय?"

"छावणीच्या आधीचं."

"आईला ठाऊक हुतं?"

"न्हाई. मी दडवलं."

"कावून?"

मी सांगितलं. पोलिसांची जीप, दलाल, रांगेतल्या बायका, सगळं. ऐकताना तिचे डोळे हलत होते, तसे ते नेहमीच हलतात, त्यावरून तिच्या मनातलं मला कधीच कळत नाही. मग तिनं विचारलं, "मग शिबिरात त्या सरांनी हात जोडले, तवा तू हुतीस न्हवं तिथं?"

"हुते."

ती उठून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण माझ्यापुढं ठेवायची आणि निघून जायची. मी म्हणाले, ठीक आहे, असंच राहू दे. मला जे तुझ्याकडून मिळायला हवं होतं ते हिच्याकडून मिळालं.

आज सकाळी संस्थेत दूध घालून आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "सोमवारी किडनीची तपासणी हाय. आईच्या फायलीत लिहिलंय. बाबांना सुट्टी न्हाई. तू येतीस का?"

"येते."

"आन् येताना त्या सरांचा दवाखाना कुठं हाय ते इचारायचं. तुला जायचंय तिथं."

"जायचंय," मी म्हणाले.

कागद तिनं परत दिला नाही. तुझ्या फायलीत लावलाय, सगळ्यांत खाली, जिथं तो पहिल्यापासून असायला हवा होता.

छावणीतून औरंगाबादला गेलो तेव्हा आपण तिघी होतो. सोमवारी दोघी जाऊ. कोमल एका किडनीवर जगली. मीही जगले.